दप्तराचा राखणदार
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

आमच्या लाटंबार्सेच्या घरी माजघरात एक लोखंडी पेटी आहे. आजोबांच्या हयातीत तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ते गेल्यावर काकांनी ती उघडली. आत मोडी कागदांची एक गुंडाळी, दोन-चार जीर्ण पावत्या आणि वर मुद्रा छापलेला एक पोर्तुगीज कागद निघाला. डोंगरावरच्या काजूच्या बागायतीचा आल्वारा तो हाच, अशी घरातल्या सर्वांची पिढ्यान्पिढ्या श्रद्धा होती. परंतु तो वाचणार कोण? बाबांना मराठी येते, मला मराठीबरोबर इंग्रजी येते, बेळगावला आल्यापासून कानडी पाट्याही वाचू लागलो आहे. पण त्या एका कागदापुढे आम्ही सारे निरक्षर ठरलो. अखेर ओळखीपाळखीतून पणजीचे एक वृद्ध गृहस्थ सापडले. त्यांनी चष्मा पुसला आणि पाच मिनिटांत कागद वाचून दाखविला. ती पाच मिनिटे मिळवायला आम्हाला पाच महिने लागले होते.

तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळू लागला. असे कागद वाचणे, ते लावून ठेवणे, हवे तेव्हा काढून देणे हाच एखाद्याचा चरितार्थ होऊ शकेल काय? बी. कॉम. झाल्यावर ग्रंथालयशास्त्राकडे वळावे असे मी घरी बोलून दाखविले, तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले. ग्रंथपाल म्हणजे पुस्तके देणारा-घेणारा, आणि जुन्या कागदांचा ग्रंथपाल म्हणजे त्याहूनही कमी, अशी आपल्याकडे समजूत आहे. बँकेच्या परीक्षेला बस, असा सल्ला मला मिळाला. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या निमित्ताने मी शोध घेऊ लागलो आणि मला एक माणूस भेटला. तो भेटला पुस्तकांतूनच, कारण त्याला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. आणि तो निघाला आमच्याच बाजूचा! आमच्या गावाहून डिचोली, साखळी, होंडा असे गेले की पिसुर्ले हे गाव लागते. त्या गावाचे नाव ज्यांनी लिस्बनपर्यंत नेले ते इतिहाससंशोधक पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर हेच ते गृहस्थ. त्यांचे चरित्र आपल्या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पिसुर्लेकरांचा जन्म ३० मे १८९४ रोजी सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले येथे झाला. सत्तरी, डिचोली, पेडणे हा भाग गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’त मोडतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे जुने महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. आमचा भाग मात्र वाडीच्या सावंत भोसल्यांकडून १७८० नंतरच्या दशकात त्यांच्या हाती पडला. पेडणे तर १७८८ साली गेले. त्यामुळे इकडे देवळे राहिली, मराठी राहिली, कीर्तने आणि पोथ्या राहिल्या. गावचा शेणैमामा मुलांना धुळाक्षरे, पाढे आणि मोडी शिकवी. घरात कोंकणी, पोथीत मराठी आणि कचेरीत पोर्तुगीज, अशा तीन भाषांच्या तिठ्यावर त्या काळचे मूल वाढत असे.

यातली तिसरी भाषा ही सत्तेची भाषा होती. जिथे अर्ज करायचा, कर भरायचा, दावा लावायचा तिथे पोर्तुगीजच हवी. शिवाय राजेशाहीच्या काळात पोर्तुगालचा राजधर्म कॅथलिक होता आणि हिंदू प्रजेला सरकारी नोकरीचे दार जवळजवळ बंदच होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही कोसळली व प्रजासत्ताक आले. पुढील वर्षी धर्मसंस्था आणि राज्यसंस्था वेगळ्या झाल्या. त्याबरोबर गोव्यातील हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. त्या वेळी पांडुरंग सोळा वर्षांचा होता. माणसाच्या कर्तृत्वाची आपण स्तुती करतो, पण त्याच्या जन्माची वेळही पाहिली पाहिजे. हाच मुलगा तीस वर्षे आधी जन्मला असता तर त्याची विद्या पिसुर्ल्याच्या ओसरीवरच संपली असती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दार उघडले म्हणून सगळेच आत जात नाहीत. गोव्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते. पिसुर्लेकर बहुतांशी स्वतःच्या कष्टाने शिकले. मराठी तर घरचीच होती. पोर्तुगीज त्यांनी अशी कमावली की पुढे त्या भाषेतील पंडितांनी त्यांचे ग्रंथ प्रमाण मानावेत. फ्रेंचही त्यांनी आत्मसात केली. याचा एक गमतीदार पुरावा आहे. १९२० साली साखळीहून त्यांची एक फ्रेंच पुस्तिका प्रसिद्ध झाली. विषय काय, तर प्राचीन भारतीयांनी अमेरिका शोधल्याची चिकित्सा! साखळीसारख्या बाजारगावातून सव्वीस वर्षांच्या तरुणाने फ्रेंच भाषेत अमेरिकेविषयी लिहावे, यातले धाडस आपल्याला आजही चकित करते. हा सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत. मला मात्र ही पुस्तिका फार मोलाची वाटते. तिच्यात तरुणपणाची झेप आहे, देशाभिमान आहे, आणि पायाखाली भक्कम कागद नाही. पिसुर्लेकरांचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे तो पायाखालचा कागद शोधण्याची साधना आहे.

आणि कागद तर त्यांच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर पणजीत पडून होते! त्या दप्तराची हकिकत थोडक्यात सांगितलीच पाहिजे. १५९५ साली राजाच्या आज्ञेने गोव्यात सरकारी कागदपत्रांचे दप्तर उभे राहिले आणि दियोगु दो कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्या हुद्द्याचे नाव होते ‘ग्वार्द-मोर’, म्हणजे मुख्य राखणदार. आमच्या गावांत राखणदार म्हटले की वेशीवरच्या देवाची आठवण होते. तो रात्री हातात काठी घेऊन गावाभोवती फिरतो, अशी भावना आहे. कागदांनाही असा राखणदार हवा हे त्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

या दप्तरात काय नव्हते? मोसमी वाऱ्यांबरोबर जहाजे लिस्बनला ये-जा करीत. त्यांतून होणारा राजा आणि व्हाइसरॉय यांचा पत्रव्यवहार ‘मोसमांची पुस्तके’ म्हणून बांधून ठेवलेला होता. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची १६६२ पासूनची स्वतंत्र पुस्तके होती. त्यांत मराठे, मोगल, सोंधेकर, बेदनूरकर सगळे येतात. राज्य-सल्लागार मंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते होती. किल्ल्यांचे हिशेब, तहनामे, गावकऱ्यांचे कागद होते. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. गोव्यातील कित्येक जुने कागद गोंयकानडी लिपीत आहेत. तिचे वळण कन्नड लिपीच्या जवळचे आहे. तेव्हा हे दप्तर जितके मराठी वाचकाचे, तितकेच कन्नड वाचकाचेही आहे.

परंतु कौतुनंतर प्रत्येक पिढीला राखणदार मिळाला नाही. अठराव्या शतकात मोसमांच्या पुस्तकांपैकी बासष्ट खंड लिस्बनला रवाना झाले. उरलेल्यांना आमचा पाऊस, कसर आणि वाळवी लागली. जुन्या शाईत लोहाचा अंश असे; ती काही वर्षांनी कागदालाच खाऊ लागते, आणि अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोके उरतात. एकोणिसाव्या शतकात एक जाणता माणूस आला. कुन्य रिव्हारा हा पोर्तुगालमधील एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. १८५५ साली तो गोवा सरकारचा मुख्य सचिव म्हणून आला. पण त्याच्यातला ग्रंथपाल काही झोपला नाही. त्याने जुने कागद काढले, नकलून घेतले आणि १८५७ पासून ते खंडशः छापले. सचिव पुष्कळ झाले असतील. रिव्हाराचे नाव आज घेतले जाते ते त्याच्या ग्रंथपालपणामुळे!

हे छापील खंड आणि त्यांच्या मागे उभे असलेले अफाट हस्तलिखित दप्तर, यांच्याकडे पिसुर्लेकर वळले. त्यांचा प्रश्न साधा होता. पोर्तुगीजांनी आपला इतिहास लिहिला तो आपल्या पराक्रमाचा. मराठ्यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बखरी आणि देशी कागदांवरून. पण मराठ्यांच्या दाराशी साडेचारशे वर्षे राहिलेल्या या शेजाऱ्याच्या रोजच्या नोंदींत मराठे कसे दिसतात? हे पाहायला पोर्तुगीज आली पाहिजे आणि मराठ्यांचा इतिहासही अंगी मुरलेला पाहिजे. दोन्ही असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. गोव्यातील ‘इन्स्तितुतु व्हास्को द गामा’ या विद्वत्संस्थेच्या पत्रिकेत १९२६ पासून त्यांची ‘पोर्तुगीज आणि मराठे’ ही लेखमाला पोर्तुगीज भाषेत येऊ लागली. आरंभ अर्थातच शिवाजी महाराजांपासून होता.

या तारखांकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. लेखमाला १९२६ ची. सरकारने जुनी दप्तरे एकत्र करून त्यांची नीट व्यवस्था लावण्याचे ठरविले ते १९३० च्या सुमारास. आणि पिसुर्लेकरांकडे त्या दप्तराची सूत्रे आली १९३१ साली. म्हणजे जागा निघाली आणि मग त्यांनी तयारी केली, असे घडले नाही. जागा नव्हती तेव्हाच तयारी झाली होती. ती निघाली तेव्हा त्या कामाला लायक असा माणूस शोधायला सरकारला दूर जावे लागले नाही. नव्या काबिजादीतला एक हिंदू, मोठ्या विद्यापीठाची पदवी नसलेला, सदतिशीच्या घरातला. आणि त्याच्या स्वाधीन पोर्तुगीज साम्राज्याचे पूर्वेकडील सारे दप्तर!

त्याच सुमारास देशात इतरत्र काय चालले होते ते पाहिले म्हणजे या घटनेचा अर्थ अधिक उलगडतो. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने एस. आर. रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमले. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. नेमणुकीनंतर ते शिकायला लंडनला गेले. १९३१ साली, पिसुर्लेकर दप्तरात रुजू झाले त्याच वर्षी, त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. इकडे पुण्यात बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई पेशवे दप्तरातील कागद निवडून छापीत होते. १९३० ते १९३४ या काळात त्या निवडीचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. गणिताचा शिक्षक, संस्थानचा निवृत्त सेवक आणि पिसुर्ल्याचा स्वयंशिक्षित तरुण! तिघांपैकी एकानेही तयार अभ्यासक्रमातून ही वाट धरली नव्हती. वाटच तेव्हा पडायची होती, आणि ती यांच्याच पावलांनी पडली.

नोकरी मिळाली, पण नोकरी म्हणजे काय होते? पुस्तकांच्या ग्रंथपालाला पुस्तकाचे नाव, लेखक, विषय तयार मिळतो. दप्तराच्या ग्रंथपालाला तसे काहीच मिळत नाही. समोर येतो तो हजार पानांचा बांधीव गठ्ठा; त्यावर फार तर वर्ष असते. आत काय आहे हे पाने उलटल्याखेरीज कळत नाही. पाने उलटली तरी नावे कळत नाहीत, कारण पोर्तुगीज लेखनिकाने ती आपल्या कानाने लिहिलेली! शिवाजी तिथे ‘सेवाजी’ होतो. वाडीचे भोसले ‘बोंसुलो’ होतात. डिचोलीची ‘बिचोलिम’ होते आणि आमच्या लाटंबार्सेलाही शेवटी एक अनुनासिक शेपूट लागते; ते गोव्यातील रस्त्यांवरच्या रोमी पाट्यांवर आजही पाहायला मिळते. ज्याला मराठी ठाऊक नाही त्याला ‘बोंसुलो’ म्हणजे भोसले हे उमगणार नाही. ज्याला पोर्तुगीज ठाऊक नाही त्याला तो शब्दच दिसणार नाही. दोन्ही भाषांत ज्याचे पाय रोवलेले आहेत तोच या दोन नावांची गाठ घालू शकतो. विशेष क्षेत्राचा ग्रंथपाल तो हा. शेल्फ लावणे कुणालाही शिकता येईल. कुठला शब्द कुठल्या शब्दाचा भाऊ आहे हे ओळखायला आयुष्य घालावे लागते.

आणखी एक गुंतागुंत होती. मराठ्यांकडून येणारी पत्रे मराठीत असत. गोव्यात आल्यावर सरकारी दुभाषा त्यांचे पोर्तुगीज भाषांतर करी आणि ते भाषांतर पुस्तकात उतरे. पुष्कळदा मूळ मराठी पत्र काळाच्या ओघात नाहीसे झाले आणि उरले ते भाषांतर. म्हणजे मराठ्यांचे बोलणे पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकायचे आणि त्यामागचा मराठी आवाज ओळखायचा! हे दुभाषे आणि वकील बहुधा गोव्याचेच होते. त्यांत शेणवी होते, मुसलमान होते, ज्यू व पारशीही होते. दोन दरबारांत निरोप पोचविणारी आणि कित्येकदा तहाचा मसुदा घडविणारी ही माणसे पोर्तुगीज इतिहासात कोपऱ्यात उभी होती. पिसुर्लेकरांनी त्यांना दिव्याखाली आणले. १९५२ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतातील पोर्तुगीज राजनीतीचे हस्तक’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ या देशी वकिलांच्या चरित्रांचा आहे. स्वतः दोन भाषांमध्ये उभ्या असलेल्या माणसाने आपल्या पूर्वसूरींना वाहिलेली ती आदरांजलीच होय.

दप्तरात बसलेला माणूस एकतर कागदांवर नागासारखा बसतो किंवा ते सर्वांसाठी मोकळे करतो. पिसुर्लेकर दुसऱ्या जातीचे होते. १९५१ साली त्यांनी हिंदुस्थानातील पोर्तुगीज किल्ल्यांची नियमावली प्रसिद्ध केली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात रस वाटावा असे पुष्कळ आहे, कारण किल्ला म्हणजे नुसती तोफ नव्हे. तिथे वखार असते, जकात असते, पगारपत्रक असते आणि हिशेब देणारा अधिकारी असतो. १९५३ ते १९५७ या काळात राज्य-सल्लागार मंडळाची इतिवृत्ते त्यांनी पाच खंडांत संपादित केली. १६१८ पासून १७५० पर्यंतच्या या बैठकी आहेत. बार्देशमधील बास्तोडा या गावच्या रांगेल छापखान्यात हे खंड छापले गेले. खेड्यातील छापखान्यातून निघालेली ही पुस्तके आज जगभरच्या संशोधकांना लागतात!

या सर्व ग्रंथांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक साधेसे पुस्तक. १९५५ साली त्यांनी गोव्यातील दप्तरांचा मार्गदर्शक प्रसिद्ध केला. कोणत्या दप्तरात कोणती पुस्तके, कोणत्या सालांची, ते त्यात सांगितले आहे. इतिहासाच्या ग्रंथाने लेखकाचे नाव होते. सूचीने दुसऱ्यांची कामे होतात. इंग्रज इतिहासकार चार्ल्स बॉक्सर याने गोव्याच्या दप्तराचा अभ्यास करून १९५२ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्यानंतर परदेशांतून अभ्यासक येत राहिले. त्यांना वाट दाखविणारा माणूस जागेवर होता, आणि पुढे तो नसतानाही वाट सापडावी म्हणून त्याने नकाशा करून ठेवला होता.

या कागदांतून आमच्या मुलखाचे जे दर्शन घडते त्याचे एकच उदाहरण देतो. नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य बार्देशात शिरले. पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेलेले देसाई तिथून उपद्रव करीत होते, हे त्यामागचे कारण. डिसेंबरात तह झाला. पुढे १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर मोहीम केली आणि जुवे बेटावर मराठे चढले, तेव्हा राजधानी हातची जाते की काय अशी व्हाइसरॉयवर पाळी आली. त्या काळी डिचोली हे मराठ्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हाही डिचोलीस येऊन राहिला होता. शाळेत आम्ही हे दोन ओळींत वाचले. त्या सल्लागार मंडळाच्या इतिवृत्तांमुळे मात्र समोरच्या बाजूची भीती, मतभेद, पैशाची चणचण, धान्याचा तुटवडा हे सारे आतून पाहता येते. शत्रूच्या कबुलीइतका भरवशाचा साक्षीदार नाही. पिसुर्लेकरांनी मराठ्यांची बाजू घेऊन आरडाओरड केली नाही. त्यांनी समोरच्याचेच दप्तर उघडून ठेवले.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गोमंतकाच्या मुक्तिलढ्याला नवे वळण लागले. पुढील पंधरा वर्षांत पुष्कळांनी तुरुंगवास भोगला. कित्येकांना सालाझारच्या सरकारने पोर्तुगालला धाडले. पिसुर्लेकर त्या सर्व काळात सरकारी दप्तराचे प्रमुख होते. त्यांचे ग्रंथ सरकारच्याच भाषेत निघत होते. त्यांनी नोकरी सोडायला हवी होती काय? आज खुर्चीत बसून असा निवाडा देणे सोपे आहे. तुरुंगात गेलेल्यांचा मान कुणालाही घेता येणार नाही, आणि पिसुर्लेकरांच्या चाहत्यांनीही तो त्यांना देऊ नये. मला इतकेच वाटते की, त्या तीस वर्षांत दप्तर एखाद्या अजाण कारकुनाच्या हाती असते तर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा आपल्या हाती किती कागद आले असते, हाही प्रश्न त्या निवाड्यात धरला पाहिजे. लढणाऱ्यांनी भूमी मिळवून दिली. या माणसाने त्या भूमीची स्मरणवही जपली.

१९६१ पर्यंत म्हणजे तीस वर्षे त्यांनी हे काम केले. निवृत्तीनंतर एक ऋण फेडायचे राहिले होते. आयुष्यभर पोर्तुगीजमध्ये लिहिलेले आपल्या मायबोलीच्या वाचकांना द्यायचे होते. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. साखळीच्या त्या फ्रेंच पुस्तिकेपासून मोजले तर सत्तेचाळीस वर्षांनी! तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १० जुलै १९६९ रोजी, त्यांचे निधन झाले. १९७५ साली त्यांच्या ‘पोर्तुगीज आणि मराठे’ या पोर्तुगीज लेखमालेचे इंग्रजी भाषांतर महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्याच नावाने स्वतंत्र ठेवलेला आहे. ज्या गोव्यात त्यांच्या तरुणपणी विद्यापीठ नव्हते, तिथल्या विद्यापीठाला त्यांची पुस्तके मिळाली, हा काळाचा न्याय म्हणायचा!

आता माझ्यासारख्याने यातून काय घ्यावे? पिसुर्लेकरांसारखे व्हा, असा उपदेश करणे सोपे आहे आणि निरुपयोगीही आहे. आज ही वाट वेगळी आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. म्हणजे वाणिज्यवाल्यालाही दार बंद नाही. महाविद्यालयातील ग्रंथपालाच्या जागेसाठी नेट किंवा सेट लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दप्तरशास्त्राचे शिक्षण मिळते. पोर्तुगीज आणि मोडी शिकण्याची सोयही आपल्या भागात आहे. परंतु जागा थोड्या निघतात आणि पदवीधर पुष्कळ आहेत, हे कुणी लपवू नये. पिसुर्लेकर थांबले तसे सर्वांना थांबता येत नाही; घर चालवायचे असते.

तरीही या चरित्रातून मला एक हिशेब कळला. आम्हाला ताळेबंद शिकविताना सांगतात की जमीन, यंत्रे, रोकड यांच्याबरोबर नावलौकिकाचीही किंमत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण व्यवहार ठरतो तो तिच्यामुळे. पदवी ही सर्वांच्या ताळेबंदात सारखीच असते. फरक पडतो तो तिच्याखाली दुसरे काय लिहिले आहे त्याने. औषधांच्या कंपनीला रसायन कळणारा ग्रंथपाल हवा असतो, न्यायालयाला कायदा कळणारा, आणि गोव्याच्या दप्तराला ‘बोंसुलो’ म्हणजे भोसले हे कळणारा. तो दुसरा विषय जागेची जाहिरात येण्यापूर्वी शिकावा लागतो, कारण जाहिरात आल्यावर वेळ राहत नाही. आणि तो विषय बहुधा दूर नसतो. पिसुर्लेकरांची भाषा त्यांच्या ओसरीवर होती. आमची आमच्या लोखंडी पेटीत आहे. सीमाभागातील आपल्या कॉलेजात तर एका बाकावर मराठी आणि एका बाकावर कन्नड बसते. हे आपण अडचण मानतो, भांडवल मानीत नाही!

त्या पेटीतल्या कागदाचे काय झाले ते सांगून थांबतो. तो आल्वारा नव्हताच. ती होती नुसती फोर भरल्याची पावती. घरातल्या मोठ्या माणसांची तोंडे उतरली. परंतु ते वृद्ध गृहस्थ म्हणाले की, पावतीवर मूळ आल्वाराचा क्रमांक आणि साल आहे. ज्या दप्तरात क्रमवार नोंदी लावून ठेवलेल्या असतील तिथे मूळ कागद निघू शकेल. तो शोध अजून चालू आहे. बागायत आमची ठरेल की नाही ते मला माहीत नाही. मात्र कुणीतरी, केव्हातरी, पाऊस-वाळवीशी झगडून त्या नोंदी क्रमाने लावल्या असतील, या एका भरवशावर आमच्या घरात आज आशा आहे.

बँकेच्या परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. बाबांना तसा शब्द दिला होता. त्याबरोबर या सुट्टीत मी मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे. आजोबांच्या गुंडाळीतले पहिले तीन शब्द परवा लागले. त्यातला एक शब्द आमच्या गावाचे नाव होता.